वेबसाइट गूगलवर वर आणायची तर आधी दुकानातला फोन ऐका

माझी एक मावशी जुळे सोलापुरात घरून शेंगा चटणी विकते. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, आपल्याकडं करतात तशीच. भाचा वेबसाइटचं काम करतो म्हटल्यावर तिची वेबसाइट नसून कसं चालेल, म्हणून एका दिवाळीत मीच बसून करून दिली. दिसायला भारी झाली होती. वर मोठा फोटो, फोटोवर सोनेरी अक्षरात "परंपरेची चव, विश्वासाचं नातं", खाली "आम्ही गुणवत्तेशी तडजोड करत नाही". सहा महिने गेले, गूगलवरून एक माणूस फिरकला नाही.

मग एका रविवारी तिच्याकडं जेवायला गेलेलो, अन् माझं ताट संपेपर्यंत तिला चार फोन आले. पुण्याला पाठवता का ओ, कुरिअरचे किती? लसूण न घातलेली मिळेल का? फ्रीजबाहेर किती दिवस टिकते? फार तिखट आहे का, लहान पोरगं खाईल का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मी केलेल्या वेबसाइटवर नव्हतं. लोक फोनवर जे विचारतात तेच गूगलला विचारतात, फक्त तिथं "ओ मावशी" म्हणत नाहीत एवढंच. त्या दिवशी ट्यूब पेटली, अन् खाली जे काय सांगतोय ते सगळं तिथूनच निघालंय. मशीनचा भाग दोन-तीन दिवसांचा आहे, शब्दांचा भाग कायमचा आहे, हे धरून वाचा.

गूगलला तुम्ही दिसता तरी का

रँकिंगबद्दल, म्हणजे निकालात आपण कितव्या नंबरवर येतो त्याबद्दल, डोकं खाजवण्याआधी हे बघायचं. गूगलच्या चौकटीत इंग्रजीत "site" टाइप करा, त्याला चिकटून कोलन, अन् मध्ये जागा न सोडता आपला वेबसाइटचा पत्ता. तुमची जी पानं गूगलच्या वहीत चढली आहेत त्यातली दिसतील. एकपण दिसत नसेल तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही, आधी हेच दुरुस्त करा.

मावशीच्या साइटचं पण हेच निघालं, अन् चूक माझीच. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जमध्ये रीडिंग म्हणून पान आहे, तिथं खाली एक चौकोन असतो, सर्च इंजिनांनी ही साइट घेऊ नये असं सांगणारा. साइट बनवताना मी त्यावर टिक केलेली, अर्धवट काम लोकांना दिसू नये म्हणून, अन् नंतर काढायचीच विसरलो. म्हणजे मी स्वतःच दुकानाला आतून कडी लावून बाहेर गिऱ्हाईक का येत नाही म्हणून विचार करत बसलेलो. तुम्ही कुणाकडून साइट करून घेतली असेल तर पहिलं हेच विचारा.

दुसरं, गूगल सर्च कन्सोल. आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं गूगलचंच साधन. फुकट आहे, अन् ते जोडल्याशिवाय एसईओ, म्हणजे गूगलवर वर येण्याची खटपट, करणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं. तुमच्या जीमेलनं आत जा, तिथं मालमत्ता म्हणजे आपली साइट जोडायचे दोन प्रकार विचारतात, डोमेन आणि यूआरएल प्रीफिक्स. डोमेनवाला घ्या, कारण त्यात साइटचे सगळे अवतार एकाखाली येतात. त्यासाठी एक लांबलचक ओळ मिळते, ती जिथून डोमेन, म्हणजे साइटचं नाव, घेतलंय तिथल्या डीएनएस नावाच्या सेटिंगमध्ये टीएक्सटी रेकॉर्ड म्हणून चिकटवायची. हे नाहीच जमलं तर प्रीफिक्सवाला घ्या, काही बिघडत नाही. मग साइटमॅप नावाच्या रकान्यात आपल्या साइटमॅपचा, म्हणजे सगळ्या पानांच्या यादीचा, पत्ता द्या. वर्डप्रेस तो स्वतःच बनवतं, एसईओचं प्लगिन असेल तर ते बनवतं. एका साइटमॅपमध्ये ५०,००० पत्ते मावतात, आपल्याला दहा-पंधराच द्यायचे आहेत, त्यामुळं काळजी नको. नवीन पान टाकलं की वरच्या पट्टीत त्याचा पत्ता टाकून तपासा अन् इंडेक्सिंगची, म्हणजे गूगलच्या वहीत चढवायची, विनंती करा. रोज दहा वेळा ते बटण दाबून काही होत नाही, एकदा बास.

इथंच एक कटू गोष्ट सांगून टाकतो. डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा. अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना असलेल्या एका ओळखीच्या माणसानं साइट नवीन करून घेतली. करणाऱ्यानं सगळ्या पानांचे पत्ते बदलले, जुन्यांवरून नव्यांवर आपोआप नेणारं ३०१ रीडायरेक्ट काही लावलं नाही, अन् दहा वर्षांत जमलेलं सगळं गूगलवरून गायब. जुन्या पत्त्यावर गेलं की "पान सापडत नाही". बरं, दुरुस्त करायला जावं तर डोमेन त्या करणाऱ्याच्याच खात्यात, अन् तो फोन उचलेना. डोमेन आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर, पासवर्ड आपल्या वहीत. पत्ते बदलायचेच असतील तर प्रत्येक जुना पत्ता नव्याकडं ३०१ नं वळवायचा अन् ते वळण निदान वर्षभर तरी काढायचं नाही, त्याहून जास्त ठेवलं तर उत्तमच.

शब्द कुठून आणायचे

आता मुख्य भाग. लोक कीवर्ड रिसर्च म्हणतात, मी वही म्हणतो. गल्ल्याशेजारी एक दोनशे पानी वही ठेवा अन् महिनाभर गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. तुमच्या शब्दांत नाही बरं का! कारखानदार म्हणतो "टेरी टॉवेल, अमुक जीएसएम" (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम), अन् गिऱ्हाईक म्हणतं "पाणी चांगलं शोषणारा जाड टॉवेल". दोन्ही शब्द पानावर पाहिजेत, पण मथळ्यात कुठला ठेवायचा ते घेणारा कोण आहे त्यावर ठरतं. हॉटेलसाठी घाऊक घेणारा जीएसएमच शोधणार, घरातली बाई नाही शोधणार.

वही भरली की तोच शब्द गूगलमध्ये टाइप करायला लागा अन् एंटर दाबू नका, खाली जी यादी उघडते ती वाचा. मग एंटर दाबा, अन् लोक आणखी काय विचारतात त्याचा जो चौकोन येतो तो वाचा, पानाच्या अगदी तळाला जाऊन संबंधित शोध वाचा. एवढ्यातच पंधरा-वीस प्रश्न मिळतात. कुठला शब्द कुठल्या महिन्यात चढतो ते गूगल ट्रेंड्सवर दिसतं. पैसे देऊन घ्यायची टूल्स पण आहेत, पण चार माणसांच्या धंद्याला ती लागतात असं मला वाटत नाही, त्या पैशात दोन चांगले फोटो काढून घ्या.

मराठीत एक वेगळीच गंमत आहे. एकच माणूस सकाळी देवनागरीत शोधतो, दुपारी रोमन अक्षरात मराठी टाइप करतो, अन् संध्याकाळी फोनला तोंडानं बोलून विचारतो. चादर म्हणणारे आहेत, चद्दर म्हणणारे आहेत. शेंगा चटणी, शेंगदाणा चटणी, शेंगदाण्याची चटणी, नुसतं सोलापुरी चटणी, सगळं एकच. सोलापूरचं इंग्रजी स्पेलिंग जुने लोक अजून एसनंतर एच लावून लिहितात. गूगलला यातलं बरंच कळतं, त्यामुळं सगळे अवतार एकापाठोपाठ एक कोंबायची गरज नाही. मी काय करतो, मुख्य शब्द मथळ्यात, दुसरा एखादा मजकुरात जिथं आपोआप येतो तिथं, अन् पानाचा पत्ता आणि फोटोच्या फाइलचं नाव रोमनमध्ये. देवनागरी पत्ता गूगलला चालतो, पण तोच व्हॉट्सॲपवर पाठवला की बरेचदा टक्क्यांच्या चिन्हांची ही एवढी लांब माळ होते अन् लोकांना वाटतं व्हायरस आहे. काका लोक तर उघडतच नाहीत.

अन् आपल्या गावात तर चार भाषा. पूर्व भागात तेलुगू, बाजारात कन्नड अन् हिंदी-उर्दू, मराठी तर आहेच. कलबुर्गी, विजयपूरकडून गिऱ्हाईक येत असेल तर कन्नडचं एक पान जरूर करा, पण वेगळं पान, वेगळा पत्ता. एकाच पानावर खिचडी करू नका, कारण पानाची भाषा कुठली हे गूगल दिसणाऱ्या मजकुरावरूनच ठरवतं. आणि मशीननं भाषांतर करून न वाचता तसंच चढवू नका. कन्नड येणारं माणूस सोलापुरात दर दुसऱ्या गल्लीत आहे, त्याला चहा पाजा अन् वाचून घ्या.

एक प्रश्न, एक पान

बहुतेक छोट्या साइटींवर चारच पानं असतात, होम, आमच्याविषयी, उत्पादनं, संपर्क. उत्पादनं म्हणून जे पान असतं त्यात चादर, टॉवेल, नॅपकिन, शाळेचे युनिफॉर्म सगळं एकत्र. आता "शाळेचे युनिफॉर्म घाऊक सोलापूर" असं शोधणाऱ्याला गूगलनं ते पान का दाखवावं? त्यात युनिफॉर्मवर दोन ओळी आहेत अन् चादरीवर आठ. तोडा ते. प्रत्येक मालाला स्वतःचं पान, अन् वहीत एखादा प्रश्न पाच-सहा वेळा आला असेल तर त्यालाही स्वतःचं पान.

पानाचा मथळा म्हणजे टायटल टॅग, जो गूगलच्या निकालात निळ्या अक्षरात दिसतो. त्यात पहिल्या पाच-सहा शब्दांत मुद्दा यायला पाहिजे कारण फोनवर पुढचं कापलं जातं. मावशीचं आधी होतं "मुख्यपृष्ठ, स्वागत आहे". आता आहे "सोलापुरी शेंगा चटणी घरपोच, लसूण घालून किंवा बिनलसणाची". कधीकधी गूगल स्वतःच मथळा बदलून दाखवतं, मजकुराशी जुळत नसला की जास्तच, त्यामुळं पानावरचं मोठं शीर्षक अन् टायटल साधारण सारखं ठेवा. खालच्या दोन काळ्या ओळी म्हणजे मेटा डिस्क्रिप्शन, त्यानं रँकिंग वाढत नाही, पण माणूस क्लिक करेल का नाही ते त्यावर ठरतं, म्हणून तिथं भाव, वजन, कुठं कुठं पाठवता असलं ठोस काहीतरी लिहा. मेटा कीवर्ड नावाचा जो रकाना अजून काही लोक शंभर शब्द टाकून भरतात तो गूगल बघतच नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलंय. कुणी त्याचे पैसे मागत असेल तर हसून चहा पाजा अन् वाटेला लावा.

मग मजकूर. किती शब्दांचा? कितीही. हजार शब्द असले की रँक होतं असला काही नियम नाही, अन् मुख्य शब्द शंभरात तीनदा आलाच पाहिजे असलाही नाही. प्रश्नाचं उत्तर पहिल्या दोन ओळीत द्या, मग तपशील. मावशीच्या पानावर आता पहिल्या परिच्छेदातच आहे की पाव किलो, अर्धा किलो, एक किलो अशी पाकिटं मिळतात, भाव काय, पुण्या-मुंबईला कसं जातं. त्याखाली कुटण्याचे फोटो, शेंगदाणे भाजून उखळात तेल सुटेपर्यंत कुटतात अन् म्हणून ती मिक्सरच्या कोरड्या चटणीपेक्षा वेगळी लागते हे चार ओळीत. हे दुसऱ्या कुणाकडून उचललेलं नाही, तिच्याच तोंडून घेतलंय. गूगलनं निकालांचा दर्जा तपासणाऱ्या आपल्या तपासनिसांच्या सूचनांमध्ये डिसेंबर २०२२ मध्ये अनुभव हा मुद्दा मुद्दाम वाढवला, लिहिणाऱ्यानं ती गोष्ट स्वतः केलीय का, वापरलीय का, हे बघायला. आपल्यासारख्या हातानं काम करणाऱ्यांना यापेक्षा बरी बातमी कुठली?

चादरीचंच घ्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, टॉवेललाही आहे, अन् तरी बाहेरच्या चादरी सोलापुरी म्हणून खपवल्या जातात हे नवी पेठेतल्या पोरालापण माहितीय. मग "अस्सल सोलापुरी चादर कशी ओळखायची" हे पान सोलापुरातल्या विणणाऱ्यानं नाही लिहायचं तर कुणी लिहायचं? नक्षी छापलेली नसते, जॅकार्ड मागावर विणलेली असते, हे दाखवणारा जवळून काढलेला फोटो, सूत कुठलं, वजन किती, धुताना काय काळजी घ्यायची. लूमचा तीस सेकंदांचा व्हिडिओ. असलं पान परगावच्या साइटवाल्याला घरबसल्या लिहिता येत नाही.

पानं झाली की ती एकमेकांना जोडा. चटणीच्या पानावरून कडक भाकरीच्या पानावर, टॉवेलवरून हॉटेलच्या घाऊक ऑर्डरवर. अन् जोडताना "इथे क्लिक करा" नको, "हॉटेलसाठी घाऊक टॉवेल" असं लिहून त्या शब्दांनाच लिंक द्या.

चित्रातली अक्षरं, श्रीलिपी, अन् लेखक मंडळी

हा भाग खास लेखकांसाठी, पण दुकानदारांनी पण वाचा. आपल्याकडं सगळं डीटीपीवाल्याकडून येतं. जाहिरात त्याच्याकडून, भावपत्रक त्याच्याकडून, अन् मग तेच चित्र उचलून वेबसाइटवर. चित्रात लिहिलेल्या मजकुरावर विसंबू नका. जे महत्त्वाचं आहे ते खऱ्या अक्षरात पानावर टाइप केलेलं पाहिजे, अन् चित्राला ऑल्ट टेक्स्ट म्हणून एक साधं वाक्य, चित्रात काय आहे ते.

लेखकांचं दुखणं याहून मोठं. वीस वर्षांचं लिखाण श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात अडकलेलं असतं. स्क्रीनवर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांची कचरापट्टी असते, तेच कॉपी करून साइटवर चिकटवलं की गूगलच्या लेखी ते मराठी नाहीच. ते आधी युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर अन् इंटरनेटवर चालतात त्या खऱ्या मराठी अक्षरांत, बदलून घ्यायला लागतं, बदलणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात, पण बदलल्यावर एकदा बसून वाचाच. रफार उडी मारून भलत्याच अक्षरावर बसतो, पहिली वेलांटी सरकते, "ऱ्हस्व"सारख्या शब्दांचा तर चेंदामेंदा. दिवसाला एक लेख असं ठरवलं तरी वर्षात सगळं होतं. दिवाळी अंकात छापून आलेलं असेल तर टाकण्याआधी संपादकांना एक फोन करून विचारा.

अन् फक्त फेसबुकवर लिहिणाऱ्यांना एवढंच सांगतो की तिथला लेख चार दिवसांत खाली जातो अन् दोन वर्षांनी तुमचा तुम्हालाच सापडत नाही. तिथं टाका, जरूर टाका, पण आधी स्वतःच्या साइटवर.

लेखाच्या नावाचं काय करायचं? "एक संध्याकाळ" हे नाव सुंदर असेल हो, पण गूगलवर ते कोण शोधणार. नाव ठेवा, फक्त त्याला शेपूट लावा, "एक संध्याकाळ: नान्नजच्या माळढोक अभयारण्यात". आता नान्नजला जाणारा माणूस तुमच्यापर्यंत पोचतो अन् आलाच आहे तर बाकीचं पण वाचतो. लेखांना खंडीभर टॅग लावू नका, एकेक लेख असलेली पन्नास टॅगपानं तयार होतात अन् त्यात वाचण्यासारखं काही नसतं. चार-पाच वर्ग बास. स्वतःबद्दलचं पान मात्र नीट करा, कुठलं गाव, काय लिहिता, कुठं छापून आलंय, पुस्तकं कुठं मिळतात, अन् प्रत्येक लेखाखाली त्या पानाची लिंक. कवितांना मात्र एसईओ लावू नका. खरंच नका. तुमच्या नावानं शोधलं की कविता सापडली, एवढं पुरे.

नकाशा

दुकान असेल तर वेबसाइटआधी बिझनेस प्रोफाइल करा, म्हणजे गूगल नकाशावर दुकानाची जी नोंद दिसते ती, ज्याला आधी गूगल माय बिझनेस म्हणायचे. याच्या निकालात गूगल तीन गोष्टी बघतं असं ते स्वतःच सांगतात, शोधाशी तुमचा संबंध किती, शोधणाऱ्यापासून अंतर किती, अन् तुमचं नाव किती आहे. अंतर आपल्या हातात नाही. बाकी दोन आहेत.

प्रकार म्हणजे कॅटेगरी अगदी नेमकी निवडा, नुसतं "दुकान" नको. नावात नसलेले शब्द घुसवू नका. पाटीवर जे नाव आहे तेच, "अमुक टेक्स्टाइल बेस्ट चादर होलसेल सोलापूर" असं लिहिलं तर प्रोफाइल बंद पडू शकतं. पडताळणीला आजकाल बरेचदा व्हिडिओ मागतात, बाहेरचा रस्ता, पाटी, आतला माल, अन् दुकान तुमचंच आहे हे दिसेल असं काहीतरी, जसं शटर उघडणं. हे दुपारी गर्दी नसताना उरकून घ्या. मावशीसारखं घरून चालत असेल अन् गावात घरपोच देत असाल तर पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात देता ते दाखवता येतं.

पिन बरोबर जागी आहे का ते स्वतः चालत जाऊन बघा. चाटी गल्लीसारख्या भागात पिन जरा सरकली की माणूस मागच्या बोळात जाऊन उभा राहतो अन् मग फोन. पत्ता, नाव, फोन नंबर साइटवर, प्रोफाइलवर, जस्टडायलवर, इंडियामार्टवर, सगळीकडं एकसारखा. वेळा बरोबर ठेवा, गड्ड्याच्या यात्रेत जानेवारीत दुकानाच्या वेळा बदलत असतील तर त्या पण. अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूर करत फिरणारी मंडळी सोलापुरात चादर घ्यायला थांबतात, त्यांना गाडीत बसूनच बघायचं असतं की आत्ता उघडं आहे का अन् गाडी लावायला जागा आहे का. त्या प्रश्नाचं उत्तर फोटोसकट तिथं टाका.

रिव्ह्यू मागा, बिनधास्त मागा, काउंटरवर क्यूआर कोड ठेवा. फक्त रिव्ह्यूच्या बदल्यात रुमाल फुकट, सूट, असलं काही नको, ते नियमात बसत नाही. विकतचे तर नकोच. कुणी एक तारा देऊन गेलं तर रागावून निबंध लिहू नका, दोन ओळीत काय झालं अन् काय केलं ते लिहा. पुढचा माणूस तक्रारीपेक्षा तुमचं उत्तर जास्त नीट वाचतो.

वेग

थोडक्यात उरकतो. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग मोजायच्या पानावर आपला पत्ता टाका. तीन आकडे बघा: मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसला पाहिजे, दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद, अन् पान उघडताना मजकूर उड्या मारण्याचा आकडा ०.१ च्या आत. छोट्या साइटींचं नव्वद टक्के दुखणं म्हणजे फोनमधून काढलेला पाच एमबीचा फोटो तसाच चढवलेला. रुंदी १२०० ते १६०० पिक्सेल करा, वेबपी या हलक्या प्रकारात बदला, शे-दीडशे केबीत येतो. फिरणारी चित्रांची पट्टी काढून टाका, ती फक्त मालकाला आवडते. एचटीटीपीएस, म्हणजे साइट सुरक्षित करणारी सोय, नसेल तर होस्टिंगवाल्याला (जिथं साइट ठेवलीय त्याला) सांगून आज लावा, फुकट मिळतं. अन् सगळं फोनवर तपासा, गूगल तुमच्या साइटचं फोनवरचं रूपच वाचतं. वेग शंभरपैकी शंभर आणायच्या मागं मात्र लागू नका, ते व्यसन आहे.

दुसऱ्यांच्या लिंका

गूगलचा जन्मच यातून झाला की कोण कोणाकडं बोट दाखवतंय ते मोजायचं. त्यामुळं लोकांनी बोटं विकत घ्यायला सुरुवात केली अन् २०१२ च्या एप्रिलमध्ये पेंग्विन नावाचा बदल आणून गूगलनं अशांना झोपवलं. तरी अजून "पाच हजार बॅकलिंक (दुसऱ्या साइटींवरून आपल्याकडं येणाऱ्या लिंका) अमुक रुपयांत" असले मेसेज येतातच. डिलीट.

खऱ्या लिंका गावातच असतात. ज्या शाळेला युनिफॉर्म दिले तिची साइट असेल तर पुरवठादार म्हणून नाव मागा. व्यापारी संघटनेची सभासद यादी. ज्या हॉटेलला टॉवेल जातात ते. खाण्यावर लिहिणाऱ्या पोरांना चटणी पाठवा अन् खरं मत लिहा म्हणा, चटणी फुकट दिली किंवा पैसे दिले असतील तर लिंकवर स्पॉन्सर्ड अशी खूण त्यांनी लावली पाहिजे. लेखकांनी एकमेकांच्या लेखांना लिंक द्यावी, ही गोष्ट मराठीत कुणी करतच नाही, सगळे एकमेकांचं वाचतात अन् लिंक देताना हात आखडतात.

हमखास पहिला नंबरवाले

"तीन महिन्यांत पहिला नंबर, गॅरंटी" म्हणणारा भेटला तर त्याला विचारा, कुठल्या शब्दावर? बरेचदा तो तुमच्या दुकानाच्या नावावरच पहिला नंबर आणून देतो, जो तसाही येणारच असतो. गूगल स्वतः सांगतं की पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही. साधारण चार महिने ते वर्ष धरून चला. मावशीच्या साइटवर टिक काढली, पानं नवी केली, तरी पहिले दोन महिने काहीच हललं नाही, अन् ती मला प्रत्येक लग्नात गाठून विचारायची, "काय रे, तुझं गूगल झोपलंय का?"

तसंच एआयनं दोनशे लेख पाडून साइट भरायचा नाद. मार्च २०२४ पासून गूगलच्या स्पॅमच्या नियमात हे स्पष्ट आहे, फक्त रँकिंगसाठी ढिगानं काढलेला मजकूर, मग तो माणसानं लिहिलेला असो नाहीतर मशीननं. शब्द सुचवून घ्या, शुद्धलेखन तपासून घ्या, हरकत नाही. दुसरं म्हणजे आता निकालाच्या वरच एआयचं तयार उत्तर येतं, भारतात ते २०२४ च्या ऑगस्टपासून सुरू झालं. त्यामुळं "शेंगा चटणी म्हणजे काय" असल्या प्रश्नावर लोक खाली येणं कमी होणारच. पण भाव, फोटो, पाठवता का, आज उघडं आहे का, हे तुमच्याशिवाय कुणाकडं नसतं. म्हणून जोर तिथं द्या.

महिन्यातून एकदा बघायचं

रोज स्वतःचं नाव गूगल करून बघू नका, तुमच्या फोनवर तुम्हाला दिसतं तसं दुसऱ्याला दिसेलच असं नाही. महिन्यातून एकदा सर्च कन्सोलमध्ये परफॉर्मन्स उघडा. १६ महिन्यांपर्यंतची माहिती असते तिथं. क्वेरीजच्या, म्हणजे लोकांनी काय शोधलं त्याच्या, यादीत दोन प्रकार शोधा. एक, ज्यावर तुमचं पान सरासरी अकरा ते वीसमध्ये आहे, म्हणजे उंबऱ्यावर उभं आहे. त्या पानात ते उत्तर जरा भरून द्या, साइटवरच्या दुसऱ्या पानांवरून त्याला लिंक द्या. दुसरा, जिथं लोकांना दिसताय खूप पण क्लिक नाही, तिथं मथळा अन् त्याखालच्या दोन ओळी बदला. अन् एखादा भलताच शब्द दिसला की वहीत लिहा. मावशीच्या यादीत एकदा "बिनलसणाची शेंगा चटणी जैन" असं आलं, जैन हा शब्द तर पानावर कधी लिहिलाच नव्हता. त्याचं वेगळं पान केलं, ते आज सगळ्यात जास्त चालतं.

हंगामाचं पण भान ठेवा. शाळा जूनमध्ये उघडतात म्हणून युनिफॉर्मचं पान जूनमध्ये टाकलं तर ऑर्डर केव्हाच्या गेलेल्या असतात, ते डिसेंबर-जानेवारीत तयार पाहिजे. अन् दरवर्षी नवीन पान नको, पत्त्यात वर्ष टाकू नका, तेच पान झाडून-पुसून दरवर्षी वापरा.

परवा मावशीचा फोन आला. म्हणे, अरे एक बाई विचारत होती, चटणी विमानात हातातल्या बॅगेत चालते का, मुलगा जर्मनीला चाललाय. मी म्हटलं वहीत लिही. तर म्हणते, "लिहिलंय कधीच, हा तिसरा फोन आहे, तू पान कधी करतोस ते सांग."